पन्हळीला पेटंट कधी द्यावं?

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, असं आपण म्हणतो. इलेक्ट्रिक गाडीच्या ड्राइव्ह युनिटमध्ये मात्र ते जावंच लागतं. मोटर, वेग कमी करणारे गिअर आणि डिफरन्शियल एकाच आवरणात बसवलेले असतात. तळाला साठलेलं तेल गिअरचे दाते उचलून वर फेकतात, वर बसवलेला एक खोलगट भाग ते झेलतो, आणि तिथून बारीक वाटांनी ते बेअरिंगपर्यंत, सीलपर्यंत, काही रचनांमध्ये मोटरच्या पोकळ शाफ्टपर्यंत उतरतं. हा झेलणारा आणि वाट लावून देणारा भाग म्हणजे घराच्या पन्हळीची सख्खी बहीण. बहुधा प्लास्टिकचा, कधी पत्र्याचा, कधी कास्टिंगमध्येच ओतून घेतलेला. हातात घेतला तर वजन जाणवत नाही.

या भागासाठी पेटंट मागितलं, तर द्यावं का? प्रश्न वकिलांचा वाटतो, पण तो तसा नाही. पेटंट म्हणजे अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं इतरांना ती वस्तू बनवायला, वापरायला आणि विकायला मनाई. भोसरी, चाकण, वाळूज इथे असे भाग बनवू शकणारे किती तरी छोटे कारखाने आहेत. ही मनाई कुणाला आणि कशाच्या बदल्यात मिळते, हे पाहणं नागरिकांचं काम आहे. माझी उमेदीची वर्षं गिअरबॉक्सच्या कामात गेली. त्या अनुभवावरून माझं मत ठाम आहे: तेलाच्या वाटेत खरा फरक पडला आणि तो मोजून दाखवला, तर पेटंट द्यावं. नुसत्या आकाराला किंवा नव्या नावाला देऊ नये. त्यामागचे मुद्दे असे.

१. भाग किरकोळ दिसतो म्हणून शोध किरकोळ ठरत नाही.

आधी हे मान्य करू, कारण आपल्याकडे उलटी चूकही होते. ‘प्लास्टिकच्या पन्हळीत कसला आलाय शोध’ असं म्हणणाऱ्याने एक सोपा हिशेब करावा. समजा, डिफरन्शियलचा मोठा गिअर २० सेंटिमीटर व्यासाचा आहे आणि टायरची त्रिज्या ३० सेंटिमीटर. गाडी ताशी १० किलोमीटरने गर्दीतून सरकत असेल, तर त्या गिअरच्या कडेचा वेग सेकंदाला ०.९३ मीटर भरतो. तेलाला बाहेर भिरकावणारा जोर तेव्हा गुरुत्वाकर्षणापेक्षाही थोडा कमी असतो. तेल दात्यांना चिकटून वर येतं आणि तुषार न होता ओघळतं. हीच गाडी द्रुतगती मार्गावर ताशी १०० ला पोचली, की कडेचा वेग दहापट होतो आणि भिरकावणारा जोर शंभरपट, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ८७ पट. आता तेलाचे तुषार उडतात, आवरणाच्या भिंतीवर आपटतात, हवेत मिसळून त्यांचा फेस होतो.

म्हणजे एकाच पन्हळीने ओघळ आणि तुषार दोन्ही झेलायचे. शिवाय बोरघाटाच्या चढावर गाडी तिरकी झाली की तळाचं तेल एका बाजूला जातं. थंडीत ते दाट होतं, तापल्यावर पातळ. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत रिव्हर्सचा वेगळा गिअर नसतो, मोटरच उलटी फिरते. त्यामुळे मोटरच्या शाफ्टपासून डिफरन्शियलपर्यंतची सगळी साखळी उलटी चालते आणि तेल दुसऱ्याच बाजूला उडतं.

आणखी एक पेच आहे, आणि मला तो सगळ्यांत सुंदर वाटतो. तळाला तेल जास्त ठेवलं तर गिअर ते घुसळत बसतात आणि बॅटरीतली वीज त्या घुसळण्यात जाते. कमी ठेवलं तर वरची बेअरिंग कोरडी पडतात. मग काही रचनाकार पन्हळीलाच छोटी टाकी बनवतात. वेग वाढला की ती भरते, तळाची पातळी उतरते, घुसळण कमी होते. वेग उतरला की ती हळूहळू रिकामी होते आणि तेल तळाला परत येतं. पंप नाही, झडप नाही, सेन्सर नाही. टाकीच्या काठाची उंची आणि भोकाचा व्यास या दोन मापांत सगळी करामत. हे ज्याने नव्याने साधलं असेल त्याला पेटंट नाकारण्याचं कारण मला दिसत नाही.

२. आधी जुनं काय आहे ते मांडा.

गिअरने तेल उडवायचं आणि आवरणातल्या खोबणीतून बेअरिंगला पोचवायचं, ही युक्ती इलेक्ट्रिक गाड्यांसोबत आलेली नाही. ट्रक, ट्रॅक्टर आणि मोटारींचे गिअरबॉक्स अनेक दशकं तसेच चालले आहेत. जुन्या डिफरन्शियलचं आवरण उघडून पाहिलेल्या कुठल्याही मेकॅनिकला आतल्या बाजूची ओतलेली वाट माहीत असते. पेटंटच्या वर्गीकरणात गिअरच्या वंगणासाठी आणि थंडाव्यासाठी एफ १६ एच ५७/०४ असा खणच आहे, आणि आवरणाच्या आत तेल झेलणारे पडदे, नळ्या, खोबणी यांना त्यात स्वतंत्र कप्पा आहे. जगाला ही गोष्ट इतकी परिचित आहे की तिच्यासाठी कपाटात जागा केलेली आहे.

म्हणून ‘इलेक्ट्रिक ड्राइव्ह युनिटसाठी’ हे शब्द पुढे लावल्याने जुनी पन्हळ नवी होत नाही. इलेक्ट्रिक असल्यामुळे कोणती नवी अडचण आली, हे अर्जात स्पष्ट दिसलं पाहिजे. अशा अडचणी खऱ्या आहेत: उलटी फिरणारी साखळी, मोटरचा फार मोठा वेग, तेलाचा तांब्याच्या गुंडाळ्यांशी आणि त्यांच्यावरच्या इन्सुलेशनशी येणारा संपर्क, त्याच तेलाने मोटर थंड करण्याची गरज. अर्जदाराने यांतली एखादी अडचण सोडवली असेल तर पुढे बोलू. सोडवली नसेल तर अर्ज तिथेच संपायला हवा.

३. मिर्झापूरच्या भांड्यांचा निकाल आजही पुरेसा आहे.

आपला पेटंट कायदा १९७० चा. त्यातल्या व्याख्येप्रमाणे शोध नवा हवा, उद्योगात वापरता यायला हवा आणि त्यात शोधाची पायरी हवी. पायरी म्हणजे उपलब्ध ज्ञानाच्या पुढे गेलेली तांत्रिक प्रगती, किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही. आणि वर ही अट, की त्या कामातल्या जाणकाराला ते सहज सुचणारं नसावं. कलम ३ च्या उपकलम एफमध्ये आणखी एक कुंपण आहे: माहीत असलेली साधनं नुसती मांडली, फेरमांडणी केली किंवा दुप्पट केली आणि प्रत्येक साधन आपापलं जुनंच काम स्वतंत्रपणे करत राहिलं, तर तो शोध नव्हे.

या कसोटीचा सर्वांत बोलका खटला भांड्यांचा आहे. मिर्झापूरच्या एका कारखान्याने पितळेची आणि जर्मन सिल्व्हरची भांडी लेथवर घासण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं, १९५१ च्या डिसेंबरातलं. पूर्वी भांडं लेथच्या एकाच टोकाला चिकटवून किंवा जबड्यात पकडून फिरवत. ते निसटून उडायचं आणि कामगाराला लागण्याची भीती असायची. नव्या पद्धतीत ते दुसऱ्या बाजूनेही दाबून धरलं. कामगाराच्या दृष्टीने सुधारणा खरी होती, यात वाद नाही. तांबट आळीतल्या कारागिरालाही ती पटली असती. पण लेथवर जॉब दोन्ही टोकांना धरण्याची पद्धत अनेक दशकं माहीत होती. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर १९७८ ला बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात ही नुसती कारखान्यातली सुधारणा ठरवली आणि पेटंट टिकलं नाही.

हा निकाल मला कठोर वाटत नाही. उपयोगी असणं आणि पेटंटयोग्य असणं या दोन गोष्टी त्याने वेगळ्या केल्या. कारखान्यात रोज दहा उपयोगी गोष्टी होतात. त्या सगळ्यांवर २० वर्षांचं कुलूप लागलं तर शेजारच्या शेडमध्ये कुणाला हात हलवता येणार नाही.

आता हीच कसोटी पन्हळीला लावू. पन्हळ जुनी, पोकळ शाफ्टही जुना. पन्हळीने तेल झेललं, शाफ्टने ते आतून बेअरिंगला पोचवलं आणि दोघांनी आपापलं नेहमीचं काम केलं, तर ती मांडणी झाली. पण पन्हळीच्या काठाची उंची शाफ्टच्या तोंडाशी अशी जुळवली की ठराविक वेगाच्या वर तळाची पातळी आपोआप उतरते आणि तरीही बेअरिंग कधी कोरडं पडत नाही, तर दोन्ही भाग एकमेकांवर अवलंबून काम करतात. एक बदलला की दुसऱ्याचं फळ बदलतं. मांडणी आणि शोध यांच्यातली रेषा इथे आहे, आणि ती ओढायला कायद्यात बदल करण्याची गरज नाही. पेटंट कार्यालयाने ती प्रत्येक अर्जात ओढावी, एवढंच मागणं आहे.

४. दावा तेलाच्या वाटेपुरता असावा, अख्ख्या आवरणावर नसावा.

पेटंटच्या अर्जात वर्णन लांबलचक असतं, पण हक्क ठरतो तो शेवटच्या क्रमांकित दाव्यांवर. पहिला दावा असा लिहिलेला कल्पून पाहा: ‘ड्राइव्ह युनिटच्या आवरणात बसवलेला, गिअरने उडवलेलं तेल गोळा करणारा आणि ते किमान एका बेअरिंगकडे नेणारा भाग.’ हा दावा मंजूर झाला तर जगातली प्रत्येक पन्हळ त्यात बसते, जुनीसुद्धा. मग पुढच्या दहा दाव्यांमध्ये हळूच आकार, उतार, भोकं येतात. वर्णनात जे खरं नवं असतं ते दहाव्या दाव्यात आणि हक्क मागितलेला असतो पहिल्यात.

कायद्याच्या कलम १० प्रमाणे अर्जदाराने शोध पूर्णपणे उलगडून सांगायचा, त्याला माहीत असलेली सर्वांत चांगली पद्धत द्यायची आणि दावे स्पष्ट, नेमके आणि वर्णनावर आधारलेले ठेवायचे असतात. तपासणी अधिकाऱ्याने या कलमाचा आग्रह धरला तर अर्धे वाद उपजतच मिटतील. उलट्या दिशेने फिरणाऱ्या गिअरचंही तेल झेलण्यासाठी पन्हळीला दुसरं तोंड दिलं असेल, तर दावा त्या तोंडाचा, त्याच्या जागेचा आणि तिथून निघणाऱ्या वाटेचा असावा.

५. मापं द्या.

हा मुद्दा थोडक्यात, कारण तो साधा आहे. ‘वंगण सुधारतं’, ‘कार्यक्षमता वाढते’ ही वाक्यं पुरावा नव्हेत. पारदर्शक झाकण लावून, तिरक्या पाटावर ठेवून, थंड आणि गरम तेलावर, दोन्ही दिशांनी फिरवून प्रत्येक बेअरिंगला मिनिटाला किती मिलिलिटर तेल पोचलं हे मोजता येतं. पन्हळ काढून तीच चाचणी पुन्हा घेता येते. घुसळण्यात किती वॅट गेले हेही मोजता येतं. यांत्रिक शोधांच्या अर्जात असे आकडे देण्याची थेट सक्ती कायद्यात नाही, पण तांत्रिक प्रगती झाली असं म्हणणाऱ्याने ती दाखवावी ही अपेक्षा त्या व्याख्येतच आहे. पेटंट कार्यालयाने यांत्रिक भागांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत ती स्पष्ट लिहावी.

६. ‘जाणकार’ म्हणजे अडाणीही नव्हे आणि सर्वज्ञही नव्हे.

सहज सुचणारं कुणाला? या प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २००७ ला दिलेला केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स हा निकाल गाडीच्याच एका भागाबद्दल आहे. पुढे-मागे सरकवता येणारं अॅक्सिलरेटर पेडल आणि त्यावर इलेक्ट्रॉनिक सेन्सर अशी ती जोडणी होती. पेडल माहीत, सेन्सर माहीत, आणि बाजारात इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल येत असल्याने दोन्ही जोडण्याची गरजही उघड. न्यायालयाने पेटंटचा वादातला दावा टिकू दिला नाही. जाणकार माणूस यंत्रासारखा पुस्तकाबरहुकूम चालत नाही, त्याच्याकडे साधी कल्पकता असते, हे त्यातलं सूत्र. हा निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण त्यातला विचार आपल्या टूलरूममध्ये उभा राहिलेल्या कुणालाही पटेल. आमच्याकडचा चांगला फिटर पन्हळीचा उतार चुकलेला डोळ्यांनी ओळखत असे आणि कानशीने सुधारत असे.

पण दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. उत्तर समोर आलं की सगळंच सोपं वाटतं. काठाची उंची आणि भोकाचा व्यास, यात काय मोठंसं, असं नंतर म्हणणं अन्याय आहे. म्हणून नाकारणाऱ्यानेही कारणं दिली पाहिजेत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अॅग्रीबोर्ड इंटरनॅशनलच्या प्रकरणात हेच सांगितलं: आधी काय माहीत होतं, अर्जात काय आहे आणि जाणकाराला ते का सुचलं असतं, या तिन्हींचा विचार आदेशात दिसला पाहिजे. दोन ओळींत ‘शोधाची पायरी नाही’ असं लिहून फाइल बंद करणं हे कष्ट केलेल्या इंजिनिअरचा अपमान आहे.

७. तपासणीविना मिळणारं ‘छोटं पेटंट’ आपल्याला नको.

जर्मनीत १८९१ पासून लहान सुधारणांसाठी वेगळी नोंदणी आहे. शोध नवा आहे का, त्यात पायरी आहे का, हे न तपासताच ती होते आणि संरक्षण जास्तीत जास्त १० वर्षं मिळतं. चीन आणि जपानमध्येही अशी सोय आहे. भारतात ती नाही. केंद्राच्या औद्योगिक धोरण विभागाने २०११ मध्ये त्यावर चर्चापत्र काढलं होतं. लघुउद्योगांच्या भल्यासाठी ती आणावी, असं अनेक चांगली माणसं म्हणतात. त्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे, पण मत पटत नाही.

कारण तेलाच्या पन्हळीसारख्या भागांत अशा नोंदण्या डझनावारी करणं मोठ्या कंपनीला सोपं जाईल आणि त्या खोट्या ठरवण्याचा बोजा छोट्यावर पडेल. कोर्टातली लढाई काय असते ते पुण्याच्याच उदाहरणावरून पाहा. बजाज ऑटोने दोन स्पार्क प्लगच्या इंजिनाच्या पेटंटवरून टीव्हीएसशी वाद घातला. मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशाने २००८ मध्ये मनाई दिली, खंडपीठाने २००९ मध्ये ती उठवली, सर्वोच्च न्यायालयाने त्याच सप्टेंबरात अशा खटल्यांना लागणाऱ्या विलंबाबद्दल नाराजी नोंदवून दावा झटपट निकाली काढायला सांगितलं. दोन्ही कंपन्यांची तडजोड झाली २०१९ मध्ये. हे दोन तगड्या कंपन्यांचं झालं. पंधरा माणसांच्या मोल्डिंग शेडच्या मालकाला पहिलीच नोटीस आली की तो जॉब सोडून देतो. मग ती नोटीस खऱ्या शोधाची होती की मोकळ्या कागदाची, हे कुणी तपासतच नाही.

डिझाइनच्या कायद्यातूनही ही वाट काढू नये. २००० चा तो कायदा दिसणाऱ्या रूपाला संरक्षण देतो. जे मुळात नुसतं यांत्रिक साधन आहे ते त्याच्या व्याख्येबाहेर ठेवलेलं आहे, आणि ते योग्यच आहे.

८. हक्क आपलेही आहेत, ते वापरा.

छोट्या कारखानदाराने दोन गोष्टी कराव्यात. तुमच्याकडे खरोखर नवी पन्हळ तयार झाली असेल, तर ग्राहक कंपनीला ड्रॉइंग पाठवण्याआधी तात्पुरता अर्ज भरून ठेवा. पूर्ण वर्णन द्यायला पुढे १२ महिने मिळतात. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जाचं मूळ शुल्क १,६०० रुपये आहे, इतरांना ८,०००. एका तरुण रचनाकाराने ड्रॉइंग आधी दाखवलं आणि वर्षभराने तीच वळणं दुसऱ्याच्या अर्जात पाहिली, हे मी जवळून पाहिलं आहे. त्याच्याकडे तारीख दाखवणारा एक कागदही नव्हता.

दुसरी गोष्ट विरोधाची. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि त्यानंतर सहा महिने उलटेपर्यंत पेटंट देता येत नाही. प्रसिद्धीपासून मंजुरीपर्यंत कलम २५ खाली कुणालाही लेखी विरोध करता येतो. २०२४ च्या नियमांनी त्याला शुल्क लावलं आणि विरोध दाखल करून घेण्याजोगा आहे का हे पेटंट नियंत्रकाने आधी पाहायचं, अशी पायरी आणली. हेतू फालतू विरोध रोखण्याचा असेल, तरी जुनं ड्रॉइंग घेऊन येणाऱ्या निवृत्त फिटरला ती पायरी अडवणार नाही, याची काळजी कार्यालयाने घ्यायला हवी. त्याचं जुनं मॅन्युअल आणि सुट्या भागांचा छापील कॅटलॉग हाच या क्षेत्रातला सर्वांत भक्कम पुरावा असतो, आणि तो कुठल्याही संगणकीय शोधात सापडत नाही.

भारतात २०२३-२४ या एका वर्षात एक लाखाहून जास्त पेटंटं मंजूर झाली. एवढ्या कागदांतली एकही पन्हळ तपासणी अधिकाऱ्याच्या एकट्याच्या नजरेतून निसटणार नाही, अशी अपेक्षा धरता येणार नाही. पेटंट कार्यालयाचं जर्नल दर शुक्रवारी प्रसिद्ध होतं आणि इंटरनेटवर फुकट वाचता येतं. गिअरबॉक्स उघडून तेलाने हात काळे केलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे, पुढच्या शुक्रवारी ते उघडा. तुमच्या ओळखीची वाट कुणी नवी म्हणून मांडली असेल, तर माळ्यावरचं जुनं मॅन्युअल खाली काढा आणि पेटंट कार्यालयाला लेखी कळवा.